भावाच्या पाठदुखीच्या गोळ्या, डिप्रेशन आणि डॉक्टरांनी विचारलेला तो प्रश्न - सल्ला हवाय

गोदाकाठी | मंगळवार, रात्री ११:४०

मंडळी नमस्कार, मी एरवी इथे वाचनमात्र असते, फार तर पाककृतीच्या धाग्यावर एखादा प्रतिसाद. पण घरात सध्या जे चाललंय ते नातेवाइकांत कुणाशी बोलायची सोय नाही म्हणून इथे लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही नाशिकचे, इंदिरानगरला राहतो. धाकटा भाऊ अंबडला एका कंपनीत शिफ्टमध्ये होता, बाईकवरून पडला, मणक्याला मार लागला, ऑपरेशन झालं. तेव्हा दुखण्यासाठी ट्रामाडॉल दिलं होतं. आधी डॉक्टरांनी लिहून दिलेलं, मग तीच जुनी चिठ्ठी दाखवून आणलेलं, मग चिठ्ठीशिवाय, आणि आता टॅपेंटाडॉल, तसलीच दुसरी गोळी. किती घेतो ते खरं सांगत नाही. नोकरी गेली. रात्रभर जागा, दिवसा पडून, जेवणावर वासना नाही, काही बोललं की अंगावर येतो. मध्ये एकदा "मी नसतो तर तुमचं बरं झालं असतं" असं म्हणाला तेव्हा मी हट्टाने त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं.

तिथे डॉक्टरांनी आईसमोरच सरळ विचारलं, "मरून जावं असं वाटतं का? कसं करायचं याचाही विचार केलाय का?" आईचा पारा असा चढला की विचारू नका, रिक्षात बसेपर्यंत "नाही नाही ते पोराच्या डोक्यात घालतात" चालू होतं. भाऊ मात्र तिथे आधी गप्प बसला आणि मग हो म्हणाला.

डॉक्टरांचं म्हणणं, गोळ्या एकदम बंद करायच्या नाहीत, हळूहळू कमी करू, गोळ्या घरच्यांनी ताब्यात ठेवा आणि दर आठवड्याला या. इकडे पिंपळगावचा मामा म्हणतोय डॉक्टर धंदा करतायत, व्यसनाच्या गोळ्या डॉक्टरच चालू ठेवतो म्हणजे काय, पोराला एखाद्या केंद्रात टाका, एका फटक्यात सुटेल.

मला एवढंच विचारायचंय की गोळ्यांमुळे हे विचार येतात की विचारांमुळे गोळ्या सुटत नाहीत? एकदम बंद करणं खरंच धोक्याचं असतं का? आणि असं तोंडावर विचारणं योग्य आहे का?

खवचट_खंडू | मंगळवार, रात्री ११:५२

प्रत्येक घरात एक पिंपळगावचा मामा असतो आणि त्याची स्वतःची बिडी सुटलेली नसते. बाकी ताई विषय गंभीर आहे, जाणकार येतीलच, मी नुसता धागा वर ठेवतोय.

डॉ_सावकाश | बुधवार, सकाळी ७:१५

मी मानसोपचारात काम करते, नाशिकची नाही. तुमच्या भावाला मी तपासलेलं नाही, त्यामुळे डोसबद्दल एक अक्षर लिहिणार नाही. बाकी लिहिते.

तुमच्या डॉक्टरांनी विचारलं ते बरोबर केलं. विचारल्यामुळे तसा विचार डोक्यात शिरतो हा समज घरोघरी आहे पण अभ्यासांत तसं दिसत नाही, उलट बऱ्याच पेशंटना सुटल्यासारखं होतं. तुमचा भाऊ "हो" म्हणाला ना, ते त्याला आधी कुणी विचारलंच नव्हतं म्हणून आत राहिलं होतं. आईसमोर विचारायला हवं होतं का यावर वाद होऊ शकतो. मी आधी पेशंटला एकट्याला विचारते, मग त्याला सांगून घरच्यांना आत घेते. आणि "कसं करायचं याचा विचार केलाय का" हा प्रश्न भोचकपणा नाही, नुसतं जगणं नकोसं वाटणं आणि डोक्यात बेत तयार असणं यात जमीनअस्मानाचा फरक आहे, उपचार कुठे आणि किती घाईने करायचे ते त्यावर ठरतं.

आता गोळ्या आधी की विचार आधी. दोन्हीकडून आहे. डिप्रेशन असलेल्याला दुखणं जास्त जाणवतं, गोळीने दुखण्याबरोबर मनाचीही कळ थोडा वेळ बोथट होते, म्हणून तो गोळी सोडत नाही. आणि महिनोन्महिने ही औषधं घेतली की झोप बिघडते, मूड खाली जातो, दोन डोसांच्या मधे हलकं विथड्रॉवल (गोळी न मिळाल्याने होणारा त्रास) चालू असतं ते चिडचिड म्हणून घरच्यांना दिसतं. ओपिऑइडचं, म्हणजे अफूच्या जातीच्या अशा औषधांचं, व्यसन जडलेल्यांत आत्महत्येने होणारे मृत्यू सर्वसाधारण लोकसंख्येच्या साधारण १३ ते १४ पट असतात असं अनेक अभ्यास एकत्र करून २००४ मध्ये काढलेल्या आकड्यांत दिसलं होतं. दारूसाठी त्याच कामात हा आकडा दहाच्या आसपास होता. मानसोपचारवाला हे गोळ्यांचं प्रकरण "व्यसनवाल्यांकडे जा" म्हणून ढकलतो आणि व्यसनमुक्तीवाला "आधी नशा सोड, मग डिप्रेशन बघू" म्हणतो, या दोघांच्या मधल्या फटीत पेशंट सापडतो. तुमचे डॉक्टर दोन्ही एकत्र बघतायत, हे नशीब समजा.

एकदम बंद करण्याबद्दल संध्याकाळी लिहिते, ओपीडी आहे.

अंबड_लिंकरोड | बुधवार, सकाळी ९:०५

नाशिकचं वाट्टोळं केलंय या ड्रग्जने. २०२३ ला शिंदे गावात एमडीचा अख्खा कारखाना सापडला, मुंबई पोलिसांनी येऊन पकडला, तोवर इथे कुणाला पत्ता नाही. आधी मंदिरांचं शहर, मग वायनरीचं आणि आता हे.

सिन्नरकर | बुधवार, सकाळी ९:२०

आणि मालेगावची कुत्ता गोळी विसरलात का. पोरं ती खाऊन वार करतात आणि सकाळी आठवत नाही म्हणतात.

औषधवाला_बाळू | बुधवार, सकाळी ९:४८

एक मिनिट, सगळं एकाच पातेल्यात नका टाकू. एमडी म्हणजे मेफेड्रोन, ते चढवणारं. कुत्ता गोळी म्हणजे अल्प्राझोलाम, ती झोपेची-चिंतेची गोळी. ताईंच्या भावाची ती वेदनेची, अफूच्या जातीची. तिन्ही वेगळी, उतारही वेगळे.

माझं पंचवटीत मेडिकल आहे. ट्रामाडॉल, कोडीन, अल्प्राझोलाम हे सगळं शेड्यूल एच-१ मध्ये येतं, वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं, डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती दिल्या, आणि ते तीन वर्षं जपायचं. २०१८ ला ट्रामाडॉल एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यातही आलं तेव्हापासून आमच्यातले निम्मे ते ठेवायलाच घाबरतात, आणि गिऱ्हाईक सरकलं टॅपेंटाडॉलवर. काउंटरवर कळतं हो. माणूस चिठ्ठी काढत नाही, रिकाम्या पाकिटाचा कापलेला कोपरा खिशातून काढून बोटाने पुढे सरकवतो, नाव नीट वाचता येईल एवढाच कापलेला, तारीख नाही की काही नाही. मी नाही म्हटलं की शिव्या देऊन पुढच्या गल्लीत जातो. पुढच्या गल्लीत मिळते हेही मला माहितीये.

पण ताई, ज्या दिवशी तुमच्या नेहमीच्या मेडिकलवाल्याला "याला देऊ नका" सांगाल त्याच दिवशी डॉक्टरांनाही सांगा. नाहीतर अचानक तुटतं आणि मग पोरगं काय करेल सांगता येत नाही.

कडक_कॉफी | बुधवार, सकाळी १०:३०

स्पष्ट बोलतो, राग नको. मी वीस वर्षांची तंबाखू एका संकष्टीला सोडली ती सोडलीच. मनाचा निग्रह लागतो. डॉक्टर थोडी थोडी देत राहिला तर पोरगा सुटणार कधी? मामांचं सगळंच चूक म्हणता येणार नाही.

खवचट_खंडू | बुधवार, सकाळी १०:३४

मामा इथे आयडी घेऊन आले वाटतं. (हलकेच घ्या.)

आजचा_दिवस | बुधवार, दुपारी १:१०

कडक_कॉफी, तुमच्याबद्दल आदर आहे पण तंबाखू आणि हे एक नाही. मी खोकल्याच्या कोडीनवाल्या सिरपपासून सुरू करून गोळ्यांवर गेलेला माणूस, आता बरीच वर्षं सोबर आहे.

गोळी चुकली की आधी जांभया येतात, एकामागून एक. मग डोळ्यांतून पाणी, नाक गळतं, समोरच्याला वाटतं सर्दी झालीय. मग अंगावर काटा, पोटात मुरडा, संडासाच्या फेऱ्या, आणि पाय, पायांचं काय करावं तेच कळत नाही, रात्रभर गादीवर टाचा घासत राहायचो, चादरीला तेवढ्या जागी भोक पडलं होतं. पंखा लावला की हुडहुडी, बंद केला की घामाच्या धारा. पण हे कसंही करून निघतं, दोन-तीन दिवस जोर असतो मग ओसरतं.

त्यानंतरचं कुणी सांगत नाही. अंग शांत होतं आणि मग आठवडेच्या आठवडे कशातच गोडी नाही, झोप नाही, ज्यांच्याकडून उसने घेतले ते फोन करतायत, बायको चांगलं वागतेय त्याचीच लाज वाटते. केंद्रातून घरी आलो तेव्हा घरच्यांनी पेढे वाटले. सगळ्यांच्या मते मी सुटलो होतो. आणि त्याच आठवड्यात मी सगळ्यात जास्त वेळा स्वतःला संपवायचा विचार केला, गोळ्या खात असताना केला नव्हता इतका. काउन्सेलरला फोन लावला आणि त्याने उचलला. पुढचं सगळं त्यामुळे.

आमच्यासोबत केंद्रात असलेला एक जण घरी जाऊन लगेच पहिल्याइतकाच डोस घेऊन बसला. शरीराची सवय मोडलेली होती, तेवढं आता झेपणार नव्हतं. गेला. मुद्दाम होतं की चुकून ते त्याच्या बायकोला आजही माहीत नाही. म्हणून मामांना सांगा, केंद्रात टाकणं हे अर्धंच आहे, बाहेर आल्यावरचे पहिले महिने कोण बघणार ते आधी ठरवा.

पैठणी_आणि_पोहे | बुधवार, दुपारी १:२५

दादा, वाचून काटा आला. लिहिलंत हे फार बरं केलंत.

विदाबहाद्दर | बुधवार, दुपारी ३:००

थोडी आकडेवारी. एनसीआरबीच्या (गुन्ह्यांच्या नोंदी ठेवणारा केंद्र सरकारचा विभाग) २०२२ च्या अहवालात देशात १,७०,९२४ आत्महत्या, त्यात महाराष्ट्र पहिला, २२,७४६. कारणांत कौटुंबिक प्रश्न ३१.७ टक्के, आजारपण १८.४ टक्के आणि दारू-ड्रग्जचं व्यसन फक्त ६.८ टक्के. त्यामुळे १३ पट वगैरे आकडे आपल्याकडे कितपत लागू होतात मला शंका आहे.

डॉ_सावकाश | बुधवार, संध्याकाळी ७:४०

विदाबहाद्दर, तो अहवाल पोलिसांच्या नोंदीतून येतो आणि तिथे एका मृत्यूला एकच कारण लावतात. ताईंच्या भावाचंच बघा, मणक्याचं दुखणं, नोकरी गेली, घरात भांडणं, गोळ्या, डिप्रेशन. हा कुठल्या रकान्यात बसवाल? आजारपण म्हणाल तरी खरं, कौटुंबिक म्हणाल तरी खरं. आणि घरचे व्यसनाचं नाव पोलिसांसमोर घेतच नाहीत. शिवाय तुमचा ६.८ म्हणजे एकूण आत्महत्यांतला वाटा, आणि १३ पट म्हणजे व्यसन असलेल्या माणसाचा धोका. ही दोन वेगळी मापं आहेत, एकाने दुसरं खोडलं जात नाही.

आता एकदम बंद करण्याबद्दल. अमेरिकेत २०१३-१४ मध्ये ज्यांना ही औषधं लिहून दिली होती अशा सुमारे १४ लाख माजी सैनिकांच्या नोंदी तपासल्या, २०२० मध्ये ते छापून आलं. औषध थांबल्यावर ओव्हरडोस किंवा आत्महत्येने होणाऱ्या मृत्यूंचा धोका वाढलेला दिसला, जितके जास्त दिवस औषध चालू होतं तितका जास्त. सुरुवात केल्यावरही पहिले काही महिने वाढलेला होता, थांबल्यावरही. त्याआधीच एप्रिल २०१९ मध्ये तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, डॉक्टरांना बजावलं होतं की शरीराला सवय झालेल्या पेशंटची ही औषधं अचानक तोडू नका किंवा भराभर कमी करू नका, त्यातून तीव्र विथड्रॉवल, असह्य वेदना आणि आत्महत्या झाल्याच्या तक्रारी आल्यात. कसारा घाट उतरताना कुणी इंजिन बंद करून गाडी सोडत नाही, गिअरमध्येच उतरवतात, तसंच आहे हे.

विदाबहाद्दर | बुधवार, संध्याकाळी ८:०२

मापांचा मुद्दा मान्य. पण सैनिकांचं म्हणाल तर ज्यांची औषधं थांबवली ते मुळातच जास्त आजारी किंवा जास्त व्यसनी असतील म्हणून थांबवली असतील, मग मृत्यू थांबवण्यामुळे की मुळातल्या आजारामुळे?

डॉ_सावकाश | बुधवार, संध्याकाळी ८:२०

रास्त शंका आहे आणि असे अभ्यास नोंदींवरचे असल्याने ती पूर्ण मिटत नाही. पण माझ्यासमोर बसलेल्या पेशंटसाठी निष्कर्ष तोच राहतो. थांबवणं मुळातल्या आजारामुळे धोक्याचं असो की थांबवण्यामुळे, त्या काळात त्याला जास्त वेळा बोलवायचं, कमी नाही. होतं उलटं, गोळी सुटली की फॉलोअपही सुटतो.

संधिवात_नको | बुधवार, रात्री ९:१५

मला दुसरी बाजू मांडायचीय. माझी आई कॅन्सरने गेली. शेवटच्या महिन्यांत मॉर्फिन मिळालं म्हणून ती माणसासारखी झोपू शकली, नातवाशी बोलू शकली. ते मिळवायला आम्ही जे हेलपाटे घातले ते आठवलं तरी नको वाटतं. २०१४ मध्ये कायद्यात बदल करून अशी औषधं मिळणं सोपं केलं तरी दुकानदारापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांच्या मनात भीती तशीच आहे. असे धागे वाचून कुणी आपल्या कॅन्सरच्या पेशंटचं मॉर्फिन नाकारू नये एवढीच विनंती.

डॉ_सावकाश | बुधवार, रात्री ९:३०

१०० टक्के अनुमोदन. औषध वाईट नाही. कुणाला, कशासाठी, किती दिवस आणि मन कोण बघतंय, हे प्रश्न आहेत. दीर्घकाळ दुखणं हेच मुळात आत्महत्येचा धोका वाढवतं, त्यामुळे दुखणं न बघता नुसत्या गोळ्या काढून घेणं हाही अन्यायच.

पैठणी_आणि_पोहे | बुधवार, रात्री ९:४५

अवांतर: ताई, दर आठवड्याला फॉलोअपला जाता म्हणजे कॉलेज रोडवर पार्किंगही शोधता का? तिथे जाऊन नातेवाइकालाच डिप्रेशन यायचं.

सिन्नरकर | बुधवार, रात्री ९:५०

सिंहस्थ २०२७ होईपर्यंत निघा सकाळी आणि पोचा संध्याकाळी. मधे मिसळ खाऊन घ्यायची.

खवचट_खंडू | बुधवार, रात्री ९:५३

आता मिसळ कुठली भारी यावर दीडशे प्रतिसाद पडतील, मूळ प्रश्न गेला गोदेत.

संपादक | बुधवार, रात्री १०:०५

मिसळीसाठी वेगळे धागे भरपूर आहेत. कृपया विषयाला धरून. तसेच कुणीही आत्महत्येच्या पद्धती किंवा गोळ्यांचे आकडे लिहू नयेत, एक प्रतिसाद अप्रकाशित केला आहे. हा धागा वाचताना कुणाला स्वतःबद्दल असे विचार येत असतील तर टेलिमानस १४४१६ हा सरकारचा फोन चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. व्यसनासाठी १४४४६. तातडीचा धोका असेल तर ११२ किंवा जवळच्या हॉस्पिटलचा अपघात विभाग.

कोर्टाची_पायरी | गुरुवार, सकाळी ८:३०

पेशाने वकील. दोन भीत्या लोकांच्या मनात असतात म्हणून लिहितो. पहिली, "डॉक्टरला खरं सांगितलं तर पोलीस केस होईल." मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरून चालायचं, तिच्यावर खटला नाही, उलट तिची काळजी घेणं सरकारचं कर्तव्य. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम घेतलेलंच नाही, सरकारी नोकरावर दबाव आणायला केलेला प्रयत्न एवढाच गुन्हा ठेवलाय. दुसरी भीती, नशेबद्दल सांगितलं तर अडकू. एनडीपीएसमध्ये कलम ६४अ आहे, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून उपचार घ्यायला तयार झाली तर तिला खटल्यातून संरक्षण मिळतं.

आणि केंद्रात टाकायचंच असेल तर त्याच २०१७ च्या कायद्यात व्यसनाशी जोडलेले मानसिक आजारही येतात. केंद्राची नोंदणी मागा, मानसोपचारतज्ज्ञ किती वेळा येतात ते विचारा. साखळीने बांधणं कायद्याने बंद आहे. "पेशंटला भेटायचं नाही, फोन नाही, आमच्यावर सोडा" असं म्हणणारं केंद्र असेल तर मागच्या पावली परत फिरा.

अंबड_लिंकरोड | गुरुवार, सकाळी ९:१०

वकीलसाहेब फी किती झाली?

कोर्टाची_पायरी | गुरुवार, सकाळी ९:१२

एक मिसळ. (संपादक, माफी.)

गोदाकाठी | गुरुवार, दुपारी २:३०

सगळ्यांचे मनापासून आभार, किती वेळा वाचलं असेल. आजचा_दिवस यांचा प्रतिसाद मी आईला मोठ्याने वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, भांडी घासत राहिली, पण नंतर भावाच्या खोलीत चहा घेऊन गेली आणि बराच वेळ आत होती. डॉक्टरांवरचा राग गेलाय असं म्हणणार नाही.

आता खरा प्रश्न गोळ्या सांभाळण्याचा आहे. डबा माझ्या कपाटात आहे, किल्ली माझ्या पर्समध्ये. तो दिवसातून कितीदा तरी येऊन उभा राहतो. काल म्हणाला, "तू ताई आहेस की जेलर?" आणि तो बाहेर गेला की मी त्याची उशी, बॅग, गाडीची डिकी चाचपते, मलाच घाण वाटतं. हे कसं करतात लोक?

रातराणी_नाशिकरोड | गुरुवार, दुपारी ४:००

ताई, मी यातून गेलेय, नवऱ्याच्या बाबतीत. मला काय जमलं ते सांगते, तुमच्याकडे जमेलच असं नाही.

पहिलं म्हणजे गोळ्या मी ठेवते हे त्यांनी स्वतः डॉक्टरांसमोर कबूल केलं होतं, कागदावर लिहून. भांडण झालं की मी म्हणायचे, "नियम माझा नाही, तुमचा आणि डॉक्टरांचा आहे, वाढवायचं असेल तर त्यांना फोन लावते." निम्मी भांडणं तिथेच संपायची. दुसरं, डॉक्टर एका आठवड्याच्याच लिहून द्यायचे, घरात साठा नकोच. आणि फक्त त्याच गोळ्या नाही, सासूबाईंच्या झोपेच्या, सासऱ्यांच्या जुन्या, घरातलं सगळं औषध मी शेजारच्या काकूंकडे ठेवलं होतं. सासूबाई महिनाभर बोलत नव्हत्या माझ्याशी.

झडती मी बंद केली. सापडली तरी भांडण, नाही सापडली तरी संशय. त्याऐवजी लघवीची तपासणी डॉक्टरांकडे व्हायची, तो त्यांचा मामला. मी फक्त रोज रात्री विचारायचे, "आज किती वाईट होता दिवस?" आणि ते दहापैकी आकडा सांगायचे. आठ-नऊ म्हणाले की त्या रात्री मी हॉलमध्ये झोपायचे आणि सकाळी डॉक्टरांना कळवायचे. आकडा सांगायला माणूस लाजत नाही, वाक्य बोलायला लाजतो.

औषधवाला_बाळू | गुरुवार, दुपारी ४:२०

घरातल्या जुन्या औषधांचा मुद्दा लाखमोलाचा. आणि झोपेची गोळी या वेदनेच्या गोळीबरोबर बिलकुल नको, दोन्ही मिळून श्वास मंद होतो. कुत्ता गोळीचं म्हणूनच वर लिहिलं, ती त्या मुलांनी याच्याबरोबर घेतली की काम अवघड.

डॉ_सावकाश | गुरुवार, रात्री ८:१०

बाळूदादांचं बरोबर, अमेरिकेत २०१६ पासून दोन्ही औषधांच्या माहितीपत्रकावर तसा ठळक इशारा छापतात. अजून एक, ट्रामाडॉल आणि डिप्रेशनच्या काही गोळ्या एकत्र आल्या तर शरीरात सेरोटोनिन नावाचं रसायन प्रमाणाबाहेर वाढू शकतं, फिट येण्याची शक्यताही वाढते. म्हणून भाऊ नेमकं काय घेतो हे डॉक्टरांपासून लपवू नका, जुनी पाकिटं पिशवीत घालून न्या. त्याला ओरडा बसायच्या भीतीने तो कमी सांगत असेल तर डॉक्टरांना एकट्याने भेटून सांगा, तेही चालतं.

रातराणी, तुमचा आकड्याचा प्रकार मी पेशंटच्या घरच्यांना सांगणार आहे, परवानगी गृहीत धरतेय.

कडक_कॉफींच्या "थोडी थोडी देत राहिला तर" वर राहिलं होतं. टेपर, म्हणजे डोस हळूहळू कमी करत नेणं, जमला नाही तर ब्युप्रेनॉर्फिन नावाचं औषध असतं, जिभेखाली ठेवायचं, सहसा नालोक्झोन नावाच्या दुसऱ्या औषधाबरोबर मिळून येतं. तेही अफूच्याच जातीचं आहे आणि मामा म्हणतील एक सोडून दुसरं धरलं. पण त्याने तलफ आणि विथड्रॉवल दबतं, दिवस सुरळीत होतो, आणि असे उपचार चालू असताना पेशंट मरण्याचं प्रमाण उपचार सोडल्यानंतरपेक्षा बरंच कमी असतं. उपचार सोडल्यावरचे पहिले चार आठवडे सगळ्यात नाजूक. सुरुवातीचे काही आठवडेही जपायचे. ते साध्या मेडिकलमध्ये मिळत नाही, ठरावीक केंद्रातूनच मिळतं. लागेल की नाही ते तुमचे डॉक्टर ठरवतील.

कडक_कॉफी | गुरुवार, रात्री ८:४५

मला अजूनही वाटतं निग्रहाशिवाय काही होत नाही.

आजचा_दिवस | गुरुवार, रात्री ८:५०

लागतोच की. माझा सगळा निग्रह दर आठवड्याला तोंड दाखवायला जाण्यात खर्च झाला.

सिन्नरकर | गुरुवार, रात्री ९:०५

पुण्याचं मुक्तांगण आहे ना, १९८६ पासूनचं, आमच्या भावकीतला एक जण तिथून दारूतून बाहेर आला. नंतरचे फॉलोअप, सोबर लोकांचे गट, बायकांसाठी वेगळा गट असं सगळं बघितलंय. गोळ्यांचंही बघतात. पण विचार बळावलेले असताना आधी मानसोपचार वॉर्ड की थेट तिथे, डॉक्टर?

डॉ_सावकाश | गुरुवार, रात्री ९:२०

मनात बेत पक्का असेल, धोक्याची लक्षणं दिसत असतील तर आधी जिथे चोवीस तास डॉक्टर-नर्स आहेत तिथे. नाशिकला जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, खाजगीत परवडत नसेल तर तिथे जायला लाजू नका. ते निवळलं की मग पुनर्वसन. आणि वॉर्डातून घरी सोडल्यानंतरचे पहिले तीन महिने, आजचा_दिवस म्हणाले तेच, धोका कमी झाला असं समजून सगळे निवांत होतात तेव्हाच तो जास्त असतो. डिस्चार्जच्या कागदावर पुढच्या भेटीची तारीख आठवड्याच्या आतली घालून घ्या.

गोदाकाठी | रविवार, रात्री १०:१५

अपडेट देते. शनिवारी गेलो होतो. सगळी रिकामी पाकिटं पिशवीत घालून नेली, भावाने स्वतःच गादीखालची दोन काढून दिली, मला माहीतही नव्हती. डॉक्टरांनी आधी त्याला एकट्याला आत घेतलं (मी फोनवर विनंती केली होती), मग आम्हाला. कागदावर लिहून सही झाली त्याची, माझी आणि आईची. आईने सही करताना विचारलं, "मी विचारलं तर चालेल का त्याला, तसलं?" डॉक्टर म्हणाले रोज विचारा. डिप्रेशनची गोळी सुरू केलीय, वेदनेसाठी फिजिओ, आणि टेपर अगदी बारीक बारीक पायऱ्यांनी.

मामा आला होता आज. भावाने त्याच्यासमोर बसून सांगितलं की मला मरावंसं वाटतं अधूनमधून आणि मी त्याचे उपचार घेतोय. मामाने पाणी मागितलं. नंतर म्हणाला पुढच्या शनिवारी गाडी घेऊन मी येतो, रिक्षाने नका जाऊ.

खवचट_खंडू | रविवार, रात्री १०:२१

मामांविषयीचे माझे सर्व प्रतिसाद मागे.

रातराणी_नाशिकरोड | रविवार, रात्री १०:३०

ताई, तुम्ही झोपताय का नीट? हे विचारायचं राहिलं. मी पहिले दोन महिने नव्हते झोपले आणि मग मीच कोसळले. बहिणी-बायकांसाठीचा गट असतो तिथे एकदा जाऊन या, नाशिकरोडला मी जाते, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

द्राक्षबाग | सोमवार, सकाळी ६:५०

सगळं वाचलं. माझ्या मित्राचंही असंच आहे, फक्त तो कुणालाच दाद देत नाही, एकटा राहतो, घरचे धुळ्याला. त्याला मी विचारू का थेट? मी डॉक्टर नाही काही.

डॉ_सावकाश | सोमवार, सकाळी ७:०५

विचारा, आजच. "हो" म्हणाला तर उपदेश नको, तिथेच बसून १४४१६ लावा आणि तो बोलेपर्यंत थांबा. बेत ठरलेला आहे असं कळलं तर एकटं सोडू नका, घरच्यांना फोन करा, सोबत हॉस्पिटलला न्या. बाकीचं व्यनित लिहा.